जुनी गाडी स्टार्ट होत नाही? इलेक्ट्रिकल बिघाड शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती प्रामुख्याने कार्ब्युरेटरच्या आणि सुरुवातीच्या एमपीएफआय (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, पहिल्या पिढीची झेन, प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर. मारुती ८०० चं उत्पादन १९८३ ते २०१४ असं तीस वर्षं चाललं, त्यामुळे एकाच नावाच्या दोन गाड्यांचं वायरिंग पार वेगळं असू शकतं. खाली दिलेले आकडे १२ व्होल्टच्या, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली) असलेल्या गाडीचे आहेत. १९६० च्या दशकापर्यंतच्या काही ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो. तुमची गाडी तेवढी जुनी असेल तर बॅटरीची कुठली वायर बॉडीला बोल्ट केली आहे, ते आधी डोळ्यांनी बघून घ्या.

सुरुवात कुठून करायची?

"गाडी स्टार्ट होत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. चावी फिरवल्यावर नक्की काय होतं, ते आधी ठरवा. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) अजिबात हलत नाही आणि आवाजही येत नाही? नुसता टक् आवाज येतो? सेल्फ रडत-रडत, जड फिरतो? की सेल्फ झकास फिरतो, पण इंजिन पकडत नाही? पहिल्या तीन प्रकारांत बिघाड बॅटरी ते सेल्फ या रस्त्यावर असतो. चौथ्या प्रकारात सेल्फला हात लावायचं काहीच कारण नाही. तिथे स्पार्क आणि पेट्रोल बघायचं. बरेच जण इथेच चुकतात आणि इंजिन छान फिरत असताना नवी बॅटरी घेऊन येतात.

कुठली हत्यारं लागतील?

डिजिटल मल्टिमीटर (काही शे रुपयांत मिळणारा साधा मीटर पुरतो), १२ व्होल्टच्या ५ वॅट बल्बचा टेस्ट लॅम्प, १० आणि १२ नंबरचे पाने, पॉलिश पेपर, फीलर गेज, एक चालू स्थितीतला जादा स्पार्क प्लग आणि टॉर्च. शिवाय चावी फिरवायला एक माणूस. मीटर एकट्याने धरून सेल्फ मारायची कसरत करू नका.

मीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला, असं अनेकजण विचारतात. वायरच्या तीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब अर्धा अँपिअर मागतो. त्यामुळे आतून सडलेली वायर बल्बपुढे लगेच उघडी पडते.

बॅटरी चांगली आहे की बसली, हे कसं ओळखायचं?

गाडी तीन-चार तास उभी असताना मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन खांबांवर मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. नुकतीच चालवून आणलेली गाडी खोटा, चढा आकडा दाखवते. तेव्हा दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा आणि मग मोजा.

पण हा आकडा फक्त चार्ज सांगतो, ताकद सांगत नाही. ताकद बघायची तर सेल्फ मारत असताना मोजा. चांगली बॅटरी १० व्होल्टच्या वर राहते. ९.६ च्या खाली गेली तर आधी ती पूर्ण चार्ज करा आणि पुन्हा मोजा. पूर्ण चार्ज करूनही ९.६ खाली जात असेल तर बॅटरी संपली आहे. उभ्या गाडीत आणि चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकला असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे. अशा बॅटरीवर आणखी पैसे घालू नका.

बुचांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या द्रवाची घनता मोजणारी नळी) सगळ्यात खरं बोलतो. सहाही सेलची ग्रॅव्हिटी जवळपास सारखी हवी. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत ती १.२४० ते १.२६५ च्या दरम्यान असते. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल गेला. पाणी कमी झालं असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, अ‍ॅसिड कधीच नाही. उडून गेलेलं असतं ते पाणी. अ‍ॅसिड आतच असतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे पाणी महिन्यातून एकदा तरी बघावं लागतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड आहे. गाडी बंद पडायला एवढं पुरतं?

हो, आणि बऱ्याचदा पूड दिसतही नाही. लग (खांबावर आवळलेला वायरच्या टोकाचा क्लॅम्प) वरून स्वच्छ असतो, पण आतल्या बाजूला, खांबाला चिकटणाऱ्या पृष्ठभागावर काळपट थर बसलेला असतो. लग हाताने हलला तर तो सैल आहे, एवढं पक्कं.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, आणि चार्जिंगमुळे बॅटरीवर साचलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून लग धुवा. सोडा सेलच्या आत जाऊ देऊ नका. धुतल्यावर खांब आणि लगचं आतलं तोंड पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग लग, असं करू नका.

चावी फिरवली की टट्-टट्-टट् असा आवाज येतो. सेल्फ गेला का?

बहुतेक नाही. भराभर टट्-टट् म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतो, सेल्फवर लोड पडतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा येतं आणि चक्र चालू राहतं. दोष कमजोर बॅटरीचा किंवा खराब जोडाचा.

एकच मोठा टक् आणि मग शांतता, ही गोष्ट वेगळी. हेडलाइट लावून चावी फिरवा आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड बघा. उजेड पार मेला तर बॅटरी, तिचा लग किंवा अडकलेला सेल्फ. उजेड तसाच राहिला तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. म्हणजे सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत, कार्बन ब्रश संपलेत, किंवा इंजिनचा अर्थ तुटलाय. टक्सुद्धा न येता उजेड तसाच राहिला तर चावीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर तपासायची.

बॅटरी नवी आहे, तरी सेल्फ जड फिरतो. आता?

आता व्होल्टेज ड्रॉप मोजा. या पानावरची एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका, कारण इथेच विनाकारण बदललेल्या पार्टचे पैसे वाचतात.

छोट्या गाडीचा सेल्फही फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. वाटेत कुठे ०.०१ ओहम एवढा नगण्य रेझिस्टन्स आला तरी तिथे १ व्होल्ट जळून जातो. साध्या मीटरच्या ओहम रेंजवर ०.०१ दिसतच नाही. तो शून्य दाखवतो आणि आपण वायर चांगली समजून पुढे जातो. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

आधी इंजिन स्टार्ट होणार नाही अशी सोय करा. इग्निशन कॉइलची (स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाची) बारीक पॉझिटिव्ह वायर काढून टोकाला टेप गुंडाळा. स्पार्क नेणारी जाड हाय टेन्शन वायर उपटून अधांतरी सोडू नका. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मॉड्यूल जाऊ शकतं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, लगवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर. काळा प्रोब सेल्फवर जाड वायर येते त्या बोल्टवर. मदतनिसाला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ च्या आत असेल तर उत्तम. ०.५ च्या वर असेल तर त्या रस्त्यात दोष आहे. मग काळा प्रोब एकेक टप्पा बॅटरीकडे आणत चला: वायरचं थिंबल (टोकाची धातूची कडी), वायरचं दुसरं टोक, लग. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथेच बिघाड. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप खपवून घेऊ नका.

त्यानंतर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजा, म्हणजे बॅटरीकडचा एक आणि मोटरकडे जाणारा दुसरा. टक् झाल्यावर इथे ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर आतली तांब्याची चकती जळाली आहे. टक् होऊनही पूर्ण १२ व्होल्ट दिसत असतील तर कॉन्टॅक्ट लागतच नाही. त्या बोल्टांपर्यंत सगळं ठीक, सेल्फच्या बोल्टवर १० व्होल्ट पोचतात आणि मोटर तरीही ढिम्म, तर मात्र सेल्फ खोलायला द्या.

अर्थ कसा तपासायचा?

तसाच. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर किंवा तेलकट थरावर नव्हे. सेल्फ मारताना ०.२ च्या आत हवं. नंतर बॉडी आणि इंजिन यांच्यामध्येही मोजा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून बॉडी ते इंजिन किंवा गिअरबॉक्स अशी वेणीसारखी अर्थ स्ट्रॅप असते. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर ती लावायची राहून जाते, किंवा रंगावरच आवळली जाते. मग करंट दुसरा रस्ता शोधतो: अ‍ॅक्सिलरेटर केबल, चोक केबल, स्पीडोमीटर केबल. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला, तर दुसरं काही न बघता अर्थ स्ट्रॅप बघा. ती केबल आतून वितळून अडकते आणि मग चोक बदलला जातो, पण मूळ दोष तिथेच राहतो.

खात्री करायचा झटपट मार्ग: जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या एखाद्या जाड ब्रॅकेटला लावा आणि सेल्फ मारा. जोमाने फिरला तर निदान झालं. कोकणपट्टीत, गोव्यात, समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांना हा आजार फार. खाऱ्या हवेत बोल्टखालचा पत्रा गंजतो. बोल्ट काढा, पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा.

चावी पाच-सहा वेळा फिरवली की एकदा सेल्फ लागतो. असं का?

सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर (बऱ्याच सेल्फवर ५० असा आकडा कोरलेला असतो) मीटर लावा, दुसरा प्रोब इंजिनला, आणि चावी स्टार्टवर धरा. १० च्या आसपास व्होल्ट मिळाले तरी टक् होत नसेल तर सोलेनॉइड गेला. सात-आठच मिळत असतील तर चावीच्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत किंवा मधला एखादा कपलर (वायर जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) करपलाय. सोलेनॉइडला प्लंजर ओढताना दहा-वीस अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात, आणि जुन्या गाड्यांत हा सगळा भार चावीच्या स्विचमधून जातो.

कपलर तपकिरी पडला असेल किंवा त्यातली पिन वितळली असेल तर तो आधी बदला. स्विचच कमजोर असेल तर नवा टाका, आणि सोबत ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले लावा. ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ मधून सोलेनॉइडला, ८६ ला चावीकडून येणारी जुनी स्टार्टची वायर, ८५ ला अर्थ. जाड वायर ४ चौरस मिलिमीटरची घ्या, फ्यूज ३० अँपिअरचा, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. यापुढे चावीच्या स्विचवर फक्त रिलेचा किरकोळ भार राहतो आणि स्विच वर्षानुवर्षं टिकतो.

सेल्फवर ठोकल्याने गाडी स्टार्ट होते. असंच चालवलं तर चालेल?

ठोकल्याने फिरला म्हणजे कार्बन ब्रश आखूड झालेत किंवा होल्डरमध्ये अडकलेत. घरी पोचण्यापुरता उपाय आहे, त्यापुढे नाही. ब्रशचा सेट आणि बुश बदलले तर जुना सेल्फ नव्यासारखा चालतो. अख्खा सेल्फ बदलायची गरज क्वचितच असते. खोललाच आहे तर कम्युटेटरच्या खाचा आणि बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक पुढे सरकवणारा भाग) साफ करून घ्या. सेल्फ नुसता गरगरतो आणि इंजिन फिरत नाही, तर दोष बेंडिक्सच्या क्लचमध्ये किंवा फ्लायव्हीलच्या रिंगच्या दात्यांत असतो. तिथे वायरिंग तपासून उपयोग नाही.

स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे टर्मिनल शॉर्ट करायची पद्धत सर्रास दिसते. ती टाळा. गाडी गिअरमध्ये असेल तर ती पुढे उडी मारते, आणि समोर उभ्या माणसाला हलायला वेळ मिळत नाही. करायचंच असेल तर लांब वायरला पुश स्विच लावून करा. आधी न्यूट्रल तपासा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबा.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. स्पार्क कसा बघायचा?

एका सिलिंडरची हाय टेन्शन वायर काढून जादा प्लगवर बसवा. प्लगचं धातूचं अंग इंजिनच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवा, कार्ब्युरेटरपासून लांब. हातात धरू नका. प्लग जंप केबलच्या चिमट्याने धरून ठेवता येतो. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती शोधा, स्पार्क नंतर. सेल्फ मारल्यावर टक-टक आवाज करत निळसर स्पार्क पडायला हवा. पिवळा, लालसर, आवाज नसलेला स्पार्क उघड्या हवेत दिसतो, पण सिलिंडरच्या दाबाखाली विझतो.

स्पार्क नसेल तर हीच तपासणी कॉइलच्या मधल्या वायरवर करा. कॉइलमधून येतो आणि प्लगला येत नाही, तर दोष डिस्ट्रिब्युटरची (एकेका सिलिंडरला स्पार्क वाटणाऱ्या भागाची) टोपी किंवा आतला फिरणारा रोटर यांत. टोपीच्या मधोमध स्प्रिंगवरचा छोटा कार्बनचा दांडा शाबूत आहे का, ते बघा. तो तुटून पडलेला अनेकदा सापडतो.

कॉइलमधूनही स्पार्क नसेल तर टेस्ट लॅम्प काढा. चावी ऑन करून कॉइलच्या पॉझिटिव्हवर लावा. पेटला नाही तर चावी, फ्यूज किंवा वायर. पेटला तर कॉइलच्या निगेटिव्हवर लावून सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला म्हणजे पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) किंवा मॉड्यूल काम करतंय आणि संशय कॉइल व कंडेन्सरवर. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा त्यांना अर्थ नाही. अजिबात पेटला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, पॉइंटची वायर बॉडीला लागली आहे, किंवा कॉइल आतून तुटली आहे.

थंड कॉइलचं प्रायमरी वाइंडिंग पॉइंटच्या गाडीत साधारण ३ ओहम असतं, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा) असलेल्या गाडीत १.५ च्या आसपास. सेकंडरी बहुतेक कॉइलमध्ये ६ ते १५ किलो-ओहममध्ये सापडते. मोजताना कॉइलच्या सगळ्या वायर काढलेल्या हव्यात.

पॉइंट आणि कंडेन्सर कधी बदलायचे?

पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच उंचवटा दिसला की त्यांचं आयुष्य सरत आलंय. तात्पुरतं बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पेट्रोलमध्ये भिजवलेल्या कागदाने पुसा, नाहीतर पेपरची धूळच इन्सुलेशन बनते. गॅप मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या (आत फिरणाऱ्या उंचवट्याच्या) टोकावर हवी. बहुतेक गाड्यांना ०.४ ते ०.५ मिलिमीटर. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. फायबरची टाच झिजली की गॅप आपोआप कमी होत जातो, म्हणून नवा सेट टाकताना कॅमला कणभर ग्रीस लावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं.

कंडेन्सर खराब असेल तर टोपी काढून सेल्फ मारताना पॉइंटमध्ये मोठी निळी ठिणगी दिसते आणि नवे पॉइंटही थोड्याच दिवसांत जळतात. त्याची किंमत फार नाही, त्यामुळे पॉइंटबरोबरच बदलावा. पण जुना चालू असेल तर फेकू नका, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. नवे कंडेन्सरही कधी कधी सदोष निघतात.

डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटच्या पट्टीला अर्थ देणारी एक छोटी, मऊ वायर असते. अ‍ॅडव्हान्सबरोबर (स्पार्कची वेळ पुढे-मागे होताना) ती पट्टी हलते, वायर सतत वाकते आणि कव्हरच्या आत तुटते. बाहेरून अगदी धडधाकट दिसते. दोन बोटांत धरून हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं उरलेलं नाही.

चावी स्टार्टवर असताना इंजिन पकडतं, चावी सोडली की बंद. काय असेल?

बॅलास्ट रेझिस्टर. तो असलेल्या गाड्यांत सेल्फ मारताना कॉइलला थेट बॅटरीचा करंट मिळतो आणि चावी सोडल्यावर रेझिस्टरमार्गे. रेझिस्टर तुटला की नेमकं हेच होतं. बॅलास्ट नसेल तर चावीच्या स्विचचा ऑनवरचा कॉन्टॅक्ट गेला आहे. रेझिस्टर कायमचा बायपास करू नका. कॉइल तापून फुटते.

पावसाळ्यातच स्टार्ट होत नाही.

टोपी, रोटर, हाय टेन्शन वायर. टोपी काढा, आतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि ओलावा घालवणारा स्प्रे मारून पुन्हा पुसा. आत पेन्सिलने काढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तो कार्बनचा माग आहे, आणि टोपी बदलण्याशिवाय इलाज नाही. घासून तो जात नाही. अंधार पडल्यावर बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर गळणाऱ्या वायरवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे, पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या पेट्रोल इंजिनचा १-३-४-२. पुसण्याच्या नादात वायर अदलाबदल होतात, म्हणून काढायच्या आधी फोटो घ्या.

गाडी पाण्यात बुडाली होती. सेल्फ मारून बघू का?

मुळीच नाही. एअर फिल्टरपर्यंत पाणी चढलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दबत नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा वेळी पहिलं काम म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं. मग सगळे प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढणं, इंजिन ऑइल बदलणं, आणि प्रत्येक कपलर उघडून वाळवणं.

गरम इंजिन बंद केलं की पुन्हा स्टार्ट होत नाही, अर्ध्या तासाने होते.

नेमक्या बंद असतानाच स्पार्क बघा. गार झाल्यावर बघून काही कळणार नाही. स्पार्क नसेल तर कॉइल, इग्निशन मॉड्यूल किंवा डिस्ट्रिब्युटरमधली पिक-अप कॉइल तापल्यावर आतून तुटते आहे. स्पार्क दणदणीत असेल तर दोष इलेक्ट्रिकल नाही. यांत्रिक पेट्रोल पंपाच्या गाड्यांत उन्हाळ्यात लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होते, ते बघा. गरमीत सेल्फच जड फिरत असेल तर सायलेन्सरच्या पाइपाशेजारी तापणारा सोलेनॉइड आणि घासणारे बुश तपासा.

एमपीएफआय गाडीत वेगळं काय बघायचं?

चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर संगणकाला सप्लायच नाही: मेन रिले, फ्यूज किंवा अर्थ. दिवा लागल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. आवाज नसेल तर पंपाचा रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा. दोन्ही ठीक, तरी स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही गायब, तर क्रँक किंवा कॅम सेन्सर आणि त्याचा कपलर. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत चावीचा दिवा लुकलुकत राहिला तर दुसरी चावी लावून बघा.

फ्यूज चांगला दिसतो, तरी सप्लाय नाही. असं कसं?

पद्मिनीच्या पिढीतल्या गाड्यांत चिनी मातीचे, दोन्ही टोकं निमुळती असलेले फ्यूज असतात. फ्यूजची पट्टी शाबूत असते, पण टोकं आणि क्लिप यांच्यामध्ये ऑक्साइड बसतो. फ्यूज बोटाने जागच्या जागी दोन-तीनदा फिरवा. दिवे लागले तर क्लिप घासून, थोड्या आत दाबून घट्ट करा. फ्यूजच्या एकेका टोकाला टेस्ट लॅम्प लावून बघणं हाच खरा मार्ग.

अनेक जपानी घडणीच्या गाड्यांत बॅटरीजवळ फ्युजिबल लिंक असते, म्हणजे वायरचाच एक बारीक तुकडा. तो वरून धड दिसतो आणि आतून वितळलेला असतो. सगळी गाडी एकदम मेली, डॅशबोर्डचा एकही दिवा नाही, आणि बॅटरी चार्ज आहे, तर आधी इथे बघा.

उडालेल्या फ्यूजवर चॉकलेटची चांदी गुंडाळू नका. फ्यूज उडतो म्हणजे पुढे शॉर्ट आहे. चांदी उडत नाही, म्हणून वायर जळते आणि तिच्याबरोबर गाडी. शॉर्ट शोधायला फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण पेटतो. मग वायरिंग हलवत जा. जिथे उजेड बदलतो, तिथे वायर सोललेली आहे. उंदीर बॅटरीखाली, एअर फिल्टरच्या डब्यात आणि डॅशबोर्डमागे वायर कुरतडतात, तिथून सुरुवात करा. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका. डाग द्या (सोल्डर करा) आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

रात्री गाडी ठीक होती, सकाळी बॅटरी डाऊन. करंट कुठे जातो?

चावी काढा, दारं बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून लग आणि खांब यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक, तेही घड्याळ, टेप किंवा संगणक असलेल्या गाडीत. साध्या कार्ब्युरेटरच्या गाडीत जवळजवळ शून्य हवं. एमपीएफआय गाडी झोपायला वीस-तीस मिनिटं द्या.

हिशेब असा: डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर ०.४ अँपिअर, म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर. मारुती ८०० ची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांत निम्म्याच्या खाली जाते.

आता एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा पडला, ते सर्किट दोषी. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिच्यावर टेप लावा आणि पुन्हा बघा. डायोड गळत असेल तर आकडा इथे पडतो. बाहेरून बसवलेले टेप, सेंट्रल लॉकिंग, अलार्म आणि हॉर्नचे रिले यांच्यावर सगळ्यात आधी संशय घ्या. सीएनजी किंवा एलपीजी किटची वायर बऱ्याचदा कॉइलच्या पॉझिटिव्हवर पिळून जोडलेली असते. ती सैल झाली की गाडी दोन्ही इंधनांवर बंद पडते, आणि शोध मात्र किटमध्ये घेतला जातो.

अल्टरनेटर चार्ज करतो का? बॅटरीची वायर काढून बघू?

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढणं ही डायनॅमोच्या काळातली सवय आहे. अल्टरनेटरच्या गाडीत तसं केलं की व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, संगणक काहीही जाऊ शकतं. मीटर लावा. इंजिन साधारण १५०० ते २००० आरपीएमवर असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत, हेडलाइट लावल्यावरही १३.५ च्या वर. १५ च्या पुढे गेलं तर रेग्युलेटर गेला आहे आणि बॅटरी उकळते आहे. चार्ज कमी असेल तर आधी बेल्ट दाबून बघा. अंगठ्याने १० मिलिमीटरच्या आसपास दबावा. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा लागत नसेल तर तो बल्ब बदला. अनेक गाड्यांत त्याच बल्बमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो.

जंप स्टार्ट आणि धक्का, बरोबर पद्धत काय?

लाल चिमटा मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. पाच मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. काढताना उलट्या क्रमाने. केबल किमान १६ चौरस मिलिमीटरची हवी. बारीक केबल नुसती तापते.

धक्का मारताना दुसरा गिअर, चावी ऑन. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर धक्क्याचा उपयोग होत नाही, कारण कॉइल आणि अल्टरनेटर दोघांनाही सुरुवातीला थोडा करंट लागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत वारंवार धक्का टाळा. न जळलेलं पेट्रोल त्यात साचतं.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार आहे. काय करू?

बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर काढून ठेवा. दर महिन्याला व्होल्टेज बघा आणि १२.४ च्या खाली गेलं की चार्ज करा. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरचा चार्जर पुरतो. महिनोन् महिने १२ व्होल्टच्या खाली पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. मग ती चार्जरवर १२.६ दाखवते आणि पहिल्याच सेल्फला आठवर येते.